फाटकापाशी एकच दांडी

१

अपडेट संपलं तेव्हा आईने पेज वाढून ठेवली होती. सकाळपासून तो लॅपटॉप जेवणाच्या मेजावर निळा पडदा दाखवत बसला होता. मधूनच त्याचा पंखा घों करून फिरायचा आणि गौरवी दचकायची.

"काल कुकराच्या शिटयेक भियेली, आज हेका भियेता," सुमंगला, तिची आई, म्हणाली. "लग्न करून दिलं काय सासू मिक्सर लावतली आणि तू पळून हंय येतलंस."

"भियेत नाय गे आई. पण एवढा आवाज कशाला करतो तो?"

"वर्सभर निजलो आसा. इतकं निजल्यार कोणूय कण्हत उठता."

वर्षभर निजला होता हे खरं. लॅपटॉप गौरवीच्या दादाचा, रुद्रेशचा. पोलिसांनी परत दिल्यापासून तो पिशवीसकट कपाटात पडून होता आणि आईच्या देखत तो बाहेर काढायची गौरवीची छाती होत नव्हती. पण पर्वरीच्या एका कंपनीने आज संध्याकाळी तिची ऑनलाइन मुलाखत ठेवली होती. लेखी परीक्षाही त्यातच होती आणि ती फोनवर चालणार नव्हती. शेवटी आईनेच कपाट उघडलं. "घे. त्याका आवडलं आसतं," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली.

चालू केल्या केल्या लॅपटॉपने एक बसवायचं राहून गेलेलं अपडेट पुढे केलं. दादाने ते कधीतरी उतरवून घेतलं असणार आणि 'नंतर' म्हणून टाळलं असणार. तसाच होता तो. कळफलकाच्या फटींत अजून तांबडी धूळ होती, खाणीची. गौरवीने ती पुसली नाही.

आता निळा पडदा गेला. दादाने लावलेलं चित्र आलं: पार्सेंतलं घर, समोरून काढलेलं, पायरीवर आई डोळे मिचकावते आहे. आणि खाली कोपऱ्यात, नेटच्या जागी, एक फुली.

"लागलें?" आईने आतून विचारलं.

"लागतलें."

२

तिने आधी सगळ्यांना ठाऊक असतं ते केलं. राउटर भिंतीवरच होता, मेजापासून हाताच्या अंतरावर. त्याचे दिवे हिरवे होते. फोनवर नेट चालत होतं. फोनच्या यादीत घरचं 'सुमंगला' दिसत होतं, दादानेच दिलेलं नाव, आणि खाली शेजारच्या शांतारामकाकांचं. लॅपटॉपच्या यादीत मात्र काहीच नव्हतं. बंद करून चालू केला. विमानाचं चिन्ह लावलं, काढलं. 'अडचण शोधा' वर दाबलं, तर त्याने बराच वेळ एक रेघ इकडून तिकडे फिरवली आणि अडचण सापडली नाही असं सांगितलं.

मग तिने ओंकारला फोन लावला. ओंकार कॉलेजात तिच्या वर्गात होता. आता पेडणे बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा.

"राउटर बंद करून चालू केलंस?"

"केला."

"लॅपटॉप?"

"तोय केला."

"गाराणं घातलंस देवळात?"

"ओंकार, माझा जीव चाललाय इथे."

"बरं बाये, रडू नको. त्या अपडेटान वायफायचो ड्रायव्हर खाल्लो आसतलो, आणि काय? मी सांगतो तिथे जा."

तो सांगत गेला आणि ती दाबत गेली. यंत्रांची यादी उघडली, त्यात वायफायचं नाव सापडलं, ते बंद केलं, पुन्हा चालू केलं. लॅपटॉपने एकदा टण् केलं. गौरवीच्या हातून फोन पडता पडता राहिला.

"आलं! एक नाव आलं."

"तुमचं?"

ती पडद्याजवळ वाकली.

"गौरवी? तुमचं मगो?"

"भिकाजी कोल्ड्रिंक्स," तिने वाचलं.

"पार्सेंत खंयचो गो भिकाजी?"

पार्सेंत कुणीच नव्हता. भिकाजीचं दुकान पाळीला होतं, डिचोलीच्या पलीकडे, खाणीच्या वजनकाट्यासमोर. तिने ते कधी पाहिलं नव्हतं, पण फोनच्या पडद्यावर शंभरदा पाहिलं होतं. दादा त्याच दुकानाच्या बाकावर बसून तिला व्हिडिओ कॉल करायचा. मागे लिंबूसोड्याच्या बाटल्या दिसायच्या आणि त्यांच्यावर तीच तांबडी धूळ.

३

रुद्रेश त्या वजनकाट्यावर कामाला होता. मातीचे ट्रक मोजायचे, चिठ्ठी फाडायची. आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी मोटारसायकलवरून घरी. खाणी बंद पडल्या त्या वर्षी ट्रक यायचे थांबले. तरी तो काट्यावर जाऊन बसायचा, कारण जा म्हणून अजून कुणी सांगितलं नव्हतं. मग एका शनिवारी सांगितलं.

त्या दुपारी त्याचा फोन आला तो गौरवीने घेतला. मागे वारा होता. दादा म्हणाला, "येतां हां, बाये."

एवढंच.

त्या मुलखात घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. निघणारा 'येतां' म्हणतो आणि घरातलं माणूस 'यो' म्हणतं. रोज, दुकानात जाताना, शेतात जाताना, परदेशी जातानासुद्धा. त्यामुळे 'येतां' म्हणणारा तुमच्याकडे यायला निघाला आहे की तुमच्यापासून जायला, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. दारात उभा असेल तर कळतं. फोनवर कसं कळणार?

मोटारसायकल चोपड्याच्या पुलावर सापडली, कडेला नीट स्टँडवर लावलेली. लॅपटॉपची पिशवी हँडलला होती. तो स्वतः नंतर शापोरा नदीत खाली खाजणाच्या चिखलाकडे सापडला. पोलीस म्हणाले, शिवोलीकडून पुलापर्यंत आला आणि तिथेच थांबला. घर पुलापासून जवळच होतं. त्याची नेहमीची वाट खरं तर कोलवाळच्या पुलावरून होती. चोपड्याला तो का वळला, हे कुणालाच सांगता येईना.

चोपड्याची एक मासळीवाली दारात येऊन हळहळली, "निरोप घेवन गेलो गो पूत तुजो." आईने तिच्या टोपलीतले बांगडे अंगणात उलटे केले. "तो येत होतो," आई म्हणाली. "फोन करून सांगलेलो तेणें, येतां म्हणून. घराक येत होतो." त्यानंतर जो कोणी विषय काढी त्याला आई हेच एक वाक्य सांगायची. गौरवीकडे पाहून सांगायची, कारण तो शब्द ऐकणारी तीच होती. आणि गौरवी मान डोलवायची.

रात्री अंथरुणात ती तो शब्द पुन्हा पुन्हा लावून बघायची. दादाचा सूर वर गेला होता की खाली आला होता, हे आता तिला आठवेना. इतक्यांदा आठवून तिने तो झिजवून टाकला होता.

४

"जुनं नाव आसतलं," ओंकार फोनवर म्हणत होता. "लॅपटॉपान पूर्वी पकडलेली नावं साठवून ठेवलेली असतात. अपडेटनंतर यादी सगळी गोंधळते. घाबरू नको."

"पण सिग्नलच्या दांड्या दिसताहेत. भरून."

"दिसूं दी. जोडायला गेलीस तर जोडणार नाही, बघ."

तिने जोडायला हात नेला. तेवढ्यात दांड्या उतरल्या, आणि नाव गेलं.

"गेलं," ती म्हणाली, आणि तिला हायसं वाटलं. एवढ्याशा गोष्टीने आपल्या पाठीला घाम आला याची लाजही वाटली. कॉलेजात शिकलेली पोर. ओंकार म्हणाला तेच खरं असणार. यंत्रं अशीच विसरतात आणि भलत्या वेळी आठवतात.

"आता ते अपडेट मागे घेऊया. नाहीतर तू मुलाखतीक बसतलंस कशी? मी सांगतो तसं..."

"थांब," ती म्हणाली. "दुसरं आलं."

साखळी गावातल्या कुठल्या तरी लॉजचं नाव होतं. ते वर चढलं, उतरलं, गेलं. मग बराच वेळ काही नाही. नंतर 'धाकू ऑटो, डिचोली'. धाकूकडे दादा मोटारसायकल दुरुस्तीला टाकायचा. तिथे बसून त्याने तिला एकदा लिहिलं होतं: गाडी पोटात दुखतं म्हणून रडते आहे, संध्याकाळ होईल.

पाळी, साखळी, डिचोली.

"ओंकार," तिने हळूच विचारलं, "साठवलेली नावं ओळीने दिसतात का रे? म्हणजे, वाटेने?"

"कसल्या वाटेने?"

"काही नाही. मी करते नंतर फोन."

"गौरवी, अपडेट मागे घे. साधं काम आहे. सगळं पूर्वीसारखं..."

तिने फोन ठेवला. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. बाहेर ऊन होतं, माडांच्या सावल्या अंगणात स्वच्छ पडल्या होत्या. सगळं दिवसाढवळ्या चाललं होतं. तिने खिडकीचं जनेल लावून घेतलं, आणि का लावलं ते न कळून पुन्हा उघडलं.

लॅपटॉप बिघडला नव्हता. घरचं नेटवर्क त्याला दिसत नव्हतं, कारण तो अजून घरी पोचला नव्हता.

हा विचार आपण केला याचीच तिला भीती वाटली.

५

अस्नोड्याला एक बारचं नाव आलं. अस्नोड्यापुढे वाट फुटते: एक कोलवाळच्या पुलाकडे, दुसरी म्हापशाला. गौरवी मेजाला हात टेकून उभी राहिली. ती मनातल्या मनात म्हणाली, कोलवाळ. कोलवाळने ये.

यादी एकदम भरली. पंधरा, वीस, मोजता येईनात इतकी नावं, एकमेकांना ढकलत वर येणारी. म्हापशाचा बाजार.

वाट वळली होती.

तिला बंद करता आला असता. झाकण मिटलं की संपलं. तिने दोन्ही हात झाकणावर ठेवलेसुद्धा. पण मग तो कुठे राहील? रस्त्याच्या मधेच, कुठल्याही नावाच्या बाहेर? तिने हात काढून घेतले. लॅपटॉपचं अंग तापलं होतं, लांबून आलेल्या गाडीसारखं. तळव्याला तांबडं लागलं होतं.

शिवोली आली. एका पावाच्या भट्टीचं नाव.

"तू अजून हंयच?" आई पदराला हात पुशीत दारात आली. "पेज पळय कशी जाली ती. लागलें मगो?"

"लागता आसा."

"तोंड कशाक असं पांढरं?"

"काही नाही, आई. तू जा."

पण आई गेली नाही. कदेल ओढून बसली आणि तांदूळ निवडायला घेतले. आई बसली की खोलीला आवाज यायचा, सुपाचा, बांगड्यांचा. आज त्या आवाजाने गौरवीला बरं वाटलं.

भट्टीचं नाव उतरलं आणि गेलं. यादी कोरी झाली.

पूल.

पुलावर नेटवर्क कुठलं असणार? खाली पाणी, दोन्हीकडे वारा. गौरवी कोऱ्या यादीकडे बघत राहिली. पंखाही थांबला होता. तिला वाटलं, आता ही यादी अशीच राहील, पोलीस म्हणाले तशी. आणि मग आपल्याला कळेल. तिने वर्षभर जे कळून घ्यायचं टाळलं होतं ते असं मेजावर, तांदळाच्या खड्यांशेजारी कळेल. आईने सूप झटकलं.

यादी कोरीच होती. कोरीच. कोरीच.

मग एक नाव आलं. होडीचं चित्र काढलेलं, कुणा चोपडेकराचं.

तो पूल ओलांडून आला होता.

६

गौरवी हसली की रडली हे तिचं तिला कळलं नाही. आई तिच्याकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "आई, तू म्हणायचीस ते खरं. तो घरीच येत होता गे. पुलावर थांबलाच नाही. हे बघ, चोपडे, हे बघ, आता पार्सें..."

आईला यातलं काय कळावं? तिने सूप खाली ठेवलं. पडद्याकडे मात्र पाहिलं नाही.

शांतारामकाकांचं नाव आलं. मग त्याच्याखाली, अंधुक, 'सुमंगला'.

एकच दांडी.

राउटर हाताच्या अंतरावर होता. मेजावर नेहमी सगळ्या दांड्या भरून यायच्या. एक दांडी घरात कुठेच येत नसे. ती यायची फक्त फाटकापाशी, काजूच्या झाडाखाली. दादा शनिवारी पोचला की आधी तिथे थांबायचा. पाय टेकून, हेल्मेट न काढता, त्या एका दांडीवर मित्रांना पोचल्याचं कळवायचा, आणि मग आत यायचा. आत आला की आई फोन हातात घेऊ देत नसे म्हणून.

गौरवीने जनेलातून पाहिलं. फाटक बंद होतं. काजूखाली सावली होती, दुपारची, दाट. सावलीत कुणी नव्हतं.

तिने पडद्याकडे पाहिलं. एकच दांडी.

दोन होतील. आता होतील. तो फाटक उघडेल, तुळशीपाशी येईल, तेव्हा दोन होतील. पायरीवर तीन. ती वाट बघत राहिली. काजूतून वाऱ्याचा आवाज येत होता आणि त्या आवाजात अजून एक बारीक आवाज होता, बंद केलेलं इंजिन निवताना करतं तसा, टिक, टिक.

दांडी वाढली नाही. कमीही झाली नाही.

"तो का येत नाही?" तिच्या तोंडून गेलं.

"तो भितर येवचो नाय," आई म्हणाली. अगदी साध्या आवाजात. "त्या दिसाय येवंक नाय."

७

गौरवी वळली. आईचे हात मांडीवर होते. ती जनेलातून बाहेर बघत होती, फाटकाकडे नव्हे, त्याच्या थोडं डावीकडे, बरोबर काजूच्या बुंध्याशी. तिला तिथे बघायला कुणीच सांगितलं नव्हतं.

"त्या दिवशी तो आलेला?" गौरवीने विचारलं.

आईने पदर सारखा केला.

"आई. तू बघितलेलंस त्याला?"

"भात उकळत होतो," आई म्हणाली. "म्हटलं, येतलो. रोज येता तसो येतलो." तिची बोटं पुन्हा सुपात गेली आणि रिकामीच फिरू लागली. "परत पळयलं तर फाटकार कोण नाय."

पुढे विचारायचं धैर्य गौरवीला झालं नाही. वर्षभर आईने चारचौघांत जे एकच वाक्य धरून ठेवलं होतं ते तिला आठवलं, आणि ते सांगताना आई आपल्याकडे का बघायची हेही कळलं. आई साक्ष मागत नव्हती, माफी मागत होती.

पडद्यावरची दांडी थरथरली. जायच्या आधी सगळ्या नावांची तशीच थरथरली होती.

गौरवी उठली. भित्री पोर, कुकराच्या शिटीला दचकणारी, पण उठली. दार उघडून ती अंगणात उतरली, अनवाणी, तापलेल्या मातीवरून फाटकापर्यंत गेली. फाटकाची कडी हलत होती, नुकताच कुणाचा हात निघाल्यासारखी. तापलेल्या तेलाचा आणि धुळीचा वास होता. काजूच्या बुंध्याआड एक खांदा असावा असं तिला वाटलं, अंगात दादाचा कामावरचा तपकिरी शर्ट. पण तिने नीट बघायच्या आत ती सावलीच होती. तिने पुढे होऊन पाहिलं नाही. कडी धरली. कडी उन्हात नव्हती, तरी ऊबदार होती.

"यो," ती म्हणाली. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाली, "यो रे दादा. भितर यो."

काहीच झालं नाही. माडांत एक कावळा ओरडला. ती तशीच उभी राहिली आणि तिला वाटलं, किती वेडे आहोत आपण, मायलेकी दोघी.

तेव्हा घरातून लॅपटॉपचा आवाज आला. जोडलं गेल्यावर करतो तो.

पाठोपाठ कदेल सरकवल्याचा आवाज झाला.

"आयलो?" आई म्हणाली.

वर्षभरात गौरवीने हा आवाज ऐकला नव्हता. शनिवारचा आवाज. "बस. घामान पळय कसो भिजलो. पेज निवली, राव, हून करून हाडतां."

मग आई थांबली. कुणाचं बोलणं पुरं व्हायला थांबावं तेवढी. आणि हसली.

गौरवीने फाटकाला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. फोन मेजावर वाजत होता; मुलाखतीचा असेल, ओंकारचा असेल. कुणी उचलला नाही.

"त्या दिसा फाटकासून परतलो कशाक रे?" आईने आत विचारलं. रागावून नाही, जेवायला वाढताना विचारावं तसं. "हांव हंयच आसलेली मरे."

गौरवीने कान देऊन ऐकलं. उत्तर तिला ऐकू आलं नाही.

आत आई ऐकत होती. मधून मधून फक्त "हूं" म्हणत होती.